काठीची सावली आणि बारा बेचाळीस

वर्गात विचारून पाहा, ‘सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो?’ सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘रोज दुपारी बारा वाजता!’ या चार शब्दांत दोन चुका आहेत. ‘रोज’ ही पहिली, ‘बारा’ ही दुसरी. फळ्यावर लिहून त्या दुरुस्त करता येतात. मुलं ते वहीत उतरवूनही घेतात आणि पुढच्या वर्षी विचारलं की पुन्हा बाराच सांगतात. पटांगणात मीटरभर उंचीवर एक छिद्र टांगलं, तर त्याच चुका मुलांच्या स्वतःच्या हाती लागतात. ते कसं करायचं, ते इथे पायरीपायरीने पाहू. उदाहरण पुण्यातल्या शाळेचं आणि २१ मार्चच्या आसपासचं घेतलं आहे. ही तारीख का, ते ओघात येईलच.

साहित्य आणि मांडणी

प्लंबरकडे उरलेला पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा, रंगाचा रिकामा डबा, त्यात भरायला ओली वाळू, पोस्टकार्डापेक्षा मोठा जाड पुठ्ठा, दोरा, एक जड नट, मीटरटेप आणि खडू. पाइप डब्यात उभा करून वाळू ठासायची. पाइपच्या माथ्यावर पुठ्ठा आडवा, उत्तरेकडे वीतभर पुढे आलेला असा चिकटपट्टीने घट्ट बसवायचा. त्याच्या पुढच्या टोकाजवळ ३-४ मिलिमीटरचं छिद्र पाडायचं. छिद्र डब्याच्या कडेच्या बाहेर आलं पाहिजे आणि जमिनीपासून बरोबर १०० सेंटीमीटरवर असलं पाहिजे.

नुसती काठी का नको? तिच्या सावलीचं टोक कधीच रेखीव नसतं. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश भरते, म्हणून टोकाशी सावली विरत जाते. टोक नेमकं कुठे, यावर दोन मुलांचं एकमत होत नाही. छिद्रातून मात्र पुठ्ठ्याच्या गडद सावलीत एक लख्ख कवडसा पडतो आणि त्याचा मध्य कुणालाही दाखवता येतो.

इथे क्षणभर थांबा. छिद्र मुद्दाम चौकोनी पाडा आणि दुपारी कवडसा कसा दिसतो ते मुलांना विचारा. तो जवळजवळ गोल दिसतो, साधारण १ सेंटीमीटर रुंद. ‘भोक चौकोनी, मग ठिपका गोल कसा?’ हा प्रश्न मुलांकडूनच येतो. तो कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा आहे. सूचिछिद्र कॅमेऱ्याचा धडा आयता पायाशी पडलेला असतो. मात्र छिद्राला डोळा लावून सूर्याकडे पाहायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.

आता छिद्रातून ओळंबा सोडा. गवंडी वापरतो तोच, फक्त नट बांधलेला. नट जमिनीला टेकतो तिथे खडूने फुली मारा. हा आपला पायबिंदू. सगळी मापं याच्यापासून. जागा सपाट आहे का, हे पाहायला पाणसळ नसेल तर गोटी ठेवा. घरंगळली तर जागा बदला.

मोजणी

पायबिंदू केंद्र धरून दोरा-खडूने ५० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी अकरापासून सव्वादोनपर्यंत दर दहा मिनिटांनी कवडशाच्या मध्यावर खूण करायची आणि शेजारी वेळ लिहायची. एका तासिकेत हे होत नाही, म्हणून जोड्यांच्या पाळ्या लावा. एक जोडी जाते, खूण करते, वर्गात परतते, पुढची उठते. बाकीच्यांचा गणिताचा तास बुडत नाही आणि दिवसभर वर्गाचा एक डोळा पटांगणात राहतो.

कवडसा वर्तुळाला दोनदा छेदतो, सकाळी आत शिरताना आणि दुपारी बाहेर पडताना. या दोन वेळा मात्र नेमक्या टिपायच्या, कारण माध्यान्ह त्यातूनच काढायची आहे. ‘सर्वांत आखूड सावली शोधा’ असं पुस्तकं सांगतात, पण माध्यान्हीच्या आसपास लांबी इतकी हळू बदलते की दहा मिनिटांचा फरक टेपवर उमटत नाही. वर्तुळ ओलांडताना कवडसा सरळ पुढे सरकतो आणि क्षण नेमका पकडता येतो. पुण्यात २१ मार्चला या वेळा साधारण ११:२४ आणि २:०० येतील. त्यांच्या बरोबर मध्ये १२:४२. छेदनाच्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. शुल्बसूत्रांतही दिशा ठरवायची हीच रीत आहे. तिथे काठीला शंकू म्हटलं आहे.

बेचाळीस मिनिटं कुठून आली?

‘सर, घड्याळ पुढे आहे का?’ हे कुणीतरी विचारणारच. लगेच उत्तर देऊ नका. भिंतीवरचा नकाशा उतरवा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. पुणे साधारण ७३.८५ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. फरक ८.६५ अंशांचा, म्हणजे सुमारे ३५ मिनिटं. एवढं मुलं स्वतः काढतात.

उरलेली सात मिनिटं? पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधी मागे पडतो, कधी पुढे जातो. हाच प्रयोग फेब्रुवारीच्या मध्यात केला तर पुण्याची माध्यान्ह १२:४९च्या आसपास येते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८च्या. सातवी-आठवीत कारण खोलात नेऊ नका. वर्षातून चार-पाचदा मोजून तक्ता भिंतीवर लावा. प्रश्न तक्ताच विचारेल.

सावलीतून अक्षांश

२१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो. म्हणून त्या दिवशी कवडशाच्या खुणा जवळजवळ सरळ रेषेत पडतात आणि माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून जितके अंश दक्षिणेला ढळलेला, तितका आपला अक्षांश. तारीख निवडली ती यासाठी. पायबिंदूपासून माध्यान्हीच्या कवडशापर्यंत पुण्यात सुमारे ३३.५ सेंटीमीटर भरतात. त्रिकोणमिती आली नसली तरी अडत नाही. आलेखाच्या कागदावर १० सेंटीमीटर उंचीचा आणि ३.३५ सेंटीमीटर पायाचा काटकोन त्रिकोण काढा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. साडेअठरा अंश. नकाशाची पुस्तकं उघडायची ती आता.

मार्चमध्ये ही सावली ३३ सेंटीमीटर आहे, तर सूर्य डोक्यावर येतो तरी कधी? महाराष्ट्र सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे शून्य सावलीचा दिवस प्रत्येक गावाला वर्षातून दोनदाच मिळतो. मे महिन्यात तो सिंधुदुर्गाकडून वर सरकत महिनाअखेर नंदुरबारपर्यंत पोचतो, जुलै-ऑगस्टमध्ये उलटा परततो. पुण्याला तो मेच्या मध्याला येतो. पण तेव्हा शाळेला सुट्टी, आणि जुलैत आभाळ भरलेलं. म्हणून शाळेच्या पटांगणात तो क्वचितच सापडतो. सुट्टीत घरी बाटली उभी करून बघायला सांगा.

चूक हाच धडा

एखाद्या गटाचं उत्तर साडेअठराऐवजी साडेएकोणीस येईल. ‘चुकलं’ म्हणू नका; ‘कुठून मोजलं?’ असं विचारा. बहुधा पायबिंदू सोडून भलतीकडून टेप लावलेली असते, किंवा पुठ्ठा वाऱ्याने हलल्यावर ओळंबा पुन्हा सोडलेला नसतो. १०० सेंटीमीटर उंचीवरचं छिद्र पावणेदोन सेंटीमीटर उत्तरेला सरकलं की कोन जवळजवळ एका अंशाने चुकतो, आणि जमिनीवर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. बोटभर चुकीने अख्खी शाळा शंभर किलोमीटर उत्तरेला जाऊन बसली! अचूक मोजण्याचं महत्त्व यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी शाळा जोडा

नागपूर आणि कोल्हापूर अशा दोन शाळांनी त्याच दिवशी, आपापल्या माध्यान्हीला मोजलं तर नागपूरला सुमारे ३८.७ आणि कोल्हापूरला ३० सेंटीमीटर मिळतील. कोनांत फरक साधारण साडेचार अंशांचा. आता नकाशाच्या प्रमाणावरून दोन्ही गावांतलं अंतर मोजा, पण फक्त उत्तर-दक्षिण. रस्त्याचे किलोमीटर इथे उपयोगाचे नाहीत. ते ४९५च्या आसपास भरतं. पूर्ण वर्तुळात साडेचार अंश ८० वेळा बसतात. ४९५ गुणिले ८० म्हणजे ३९,६००. पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिसने अलेक्झांड्रिया आणि सायीन या गावांवरून हेच केलं. त्याचा कोन ७.२ अंशांचा होता. मुलांचा कोन अर्ध्या अंशाने चुकला तर परिघात चार-पाच हजार किलोमीटरांचा फरक पडतो. गावं जितकी लांब तितकी ही चूक बोथट होते, हेही त्यांना आकडेमोडीतूनच दिसेल.

या सगळ्यात शिक्षकाचं काम अवघड आहे ते एकाच जागी. उत्तर ठाऊक असताना ते तोंडाशी अडवून धरायचं. अकरा ते सव्वादोन, सव्वातीन तास. तेवढं जमलं की पुढच्या वर्षी ‘सूर्य डोक्यावर कधी?’ असं विचारल्यावर वर्गातून उलट प्रश्न येईल: ‘कुठल्या गावात, आणि कुठल्या तारखेला?’