आदिवासी भागाचा विकास आणि स्त्रियांचे नेतृत्व

'विकास' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्ता, धरण, शाळेची इमारत अशा गोष्टी उभ्या राहतात. परंतु त्या कोणी मागितल्या, त्यासाठी कोण झगडले आणि त्यांतला पैसा शेवटी कोणाच्या हातात पडला, हे आपण सहसा विचारीत नाही. आम्ही बँकेत काम करणारी माणसे, त्यामुळे तिसरा प्रश्न आम्हांला आधी सुचतो. जव्हार-मोखाडा आणि शेजारच्या डहाणू-तलासरीच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की पुन्हा पुन्हा स्त्रियांची नावे पुढे येतात. विद्यार्थी वाचकांना ती ठाऊक असावीत म्हणून हा लेख.

पहिले नाव अर्थातच गोदावरी परुळेकर यांचे. १९०७ साली पुण्यात गोखले घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या. भारत सेवक समाजाने आजन्म सभासद म्हणून घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री. अशा बाईंना शहरात वकिली करून सुखाने राहता आले असते. १९४५ साली त्या व शामराव परुळेकर किसान सभेचे काम घेऊन वारल्यांच्या पाड्यांवर गेले. तेथे वेठबिगार होती आणि 'लग्नगडी' ही पद्धतही होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवऱ्याने व त्याच्या बायकोनेही त्याच्या घरी राबायचे. पुष्कळांचे कर्ज जन्मभर फिटत नसे, कारण हिशोब सावकाराच्या वहीत आणि वही सावकाराच्या घरात! अशा घरातील स्त्रीच्या अब्रूला मालकापासून संरक्षण नसे, हे निराळे सांगायला नको.

मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठ करायची नाही असे ठरले. त्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, ही मागणी. आज ती लहान वाटेल; पण मजुरी ठरवण्याचा हक्क मालकाचा एकट्याचा नाही, हे त्या मागणीत प्रथमच मांडले गेले होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच माणसे बळी पडली. चळवळ मात्र मोडली नाही. वारली लोक बाईंना 'गोदाराणी' म्हणत. या अनुभवांवरील त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकास १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ते मिळाल्यास विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. राजकीय मते जुळोत वा न जुळोत, एका सुशिक्षित बाईने पाड्यावर राहून काय शिकवले यापेक्षा ती स्वतः काय शिकली, हे त्यात अधिक आहे. १९९६ साली त्यांचे निधन झाले.

त्याच १९४५ साली, त्याच टापूत, अगदी निराळ्या वाटेने दुसरे एक काम सुरू झाले. ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. अनुताईंना बालपणीच वैधव्य आलेले. शिक्षण त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीने घेतले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. अंगणवाडी ही कल्पना महाराष्ट्रात रुजली ती येथून. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिचे केंद्र गावोगावी अंगणवाडीच झाले.

आणि येथे एक गोष्ट मनाला टोचते. १९९२ साली अनुताई वारल्या. त्याच सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. कोसबाड तेथून फार लांब नाही. विधिमंडळात चर्चा झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले, १९९५ साली नवसंजीवन योजना आली. पण दिवाळीनंतर घरातील माणसे वीटभट्टीवर किंवा भिवंडी-वसईकडे कामाला जातात, तेव्हा मूलही पाठीवर जाते आणि अंगणवाडीतला खाऊ पाड्यावरच राहतो. नुसती योजना पुरत नाही. आईच्या हाताला गावातच काम आणि तिच्याच हातात दाम हवा.

याच मुद्द्यावर आफ्रिकेतील एक उदाहरण देण्याजोगे आहे. केनिया देशात वांगारी मथाई या प्राध्यापक बाईंनी १९७७ साली 'हरित पट्टा चळवळ' सुरू केली. खेड्यातील बायकांना सरपण मिळेना, पाणी आटू लागले, म्हणून त्यांनी बायकांकडूनच रोपवाटिका करून घेतल्या आणि जगलेल्या रोपामागे त्यांना थोडे पैसे दिले. नुसत्या लावलेल्या रोपाला नव्हे, जगलेल्या रोपाला! आमच्याकडील वृक्षारोपणाचे आकडे वाचताना या अटीची हटकून आठवण होते. १९८९ साली नैरोबीच्या उहुरू उद्यानात सरकार टोलेजंग इमारत बांधणार होते, त्यालाही बाईंनी विरोध केला. त्यांची टवाळी झाली, पण इमारत झाली नाही. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले; तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी स्त्री. त्यांना जे सरपण आणि पाणी दिसले, तेच मोखाड्याच्या बाईच्या डोक्यावर असते.

समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे डॉ. बाबासाहेबांनी १९४२ सालच्या नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. त्या मापाने पाहता अलीकडे काही कायदे झाले, ते आपल्या सभासदांनी समजून घ्यावेत. १९९३ पासून पंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, २०११ साली महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. सरपंचबाईच्या नावाने नवराच कारभार करतो अशी थट्टा होते आणि तसे घडतेही. तथापि सहीचा अधिकार बाईचा आहे, आणि सही म्हणजे काय हे बँकेतल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. एकदा सही करू लागलेली बाई पुढच्या खेपेस कागद वाचून मगच सही करते. बचत गटांचेही तेच. १९९२ साली नाबार्डने गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला, तो फक्त ५०० गटांपासून.

सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २००६ चा वनहक्क कायदा. कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. गावच्या वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात आणि दाव्यांसाठी भरणाऱ्या ग्रामसभेला हजर असणाऱ्यांतही किमान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. तेव्हा पाड्यावर गेलात, तर पट्ट्याचा कागद अवश्य मागून पाहा. त्यावर नावे दोन आहेत की एकच, आणि दुसरे नाव बाईला स्वतःला ठाऊक आहे काय, एवढे विचारा. नाव नसेल तर ग्रामसभेत अर्ज कसा करायचा, हे आपला एखादा कॉलेजचा विद्यार्थीही लिहून देऊ शकेल.