फ्रेमबाहेरची पुडी

गेटवे ते मांडवा लाँचवर काढलेला कुरवाचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. पसरलेले पंख, मागे ताज, चोच किंचित उघडी. छापण्याआधी कापून टाकलेल्या कडेला बहुतेक वेळा कुणाचा तरी हात असतो आणि हातात गाठ्यांची पुडी. आमच्या धंद्यातलं हे उघड गुपित.

गाठी कशी टाकायची, ते फोटोग्राफरपेक्षा खलाशाला जास्त कळतं. ‘‘सायब, पाण्यात नका टाकू, वाऱ्यावर उडवा,’’ एकाने सांगितलं. वारा समोरून असला की पक्षी लाँचच्या वेगाशी वेग जुळवतो आणि कठड्यापासून हातभर अंतरावर जागच्या जागी तरंगतो. मग लाल चोचीचं काळं टोक दिसतं, फिकट डोळा दिसतो. डोळा गडद असला तर तो काळ्या डोक्याचा कुरव, फिकट असला तर तपकिरी डोक्याचा. थंडीत डोकी दोघांचीही पांढरीच, डोळ्यामागे तेवढा एक काळसर डाग. फोटोओळींवरून ऑफिसात होणारी भांडणं इथलीच! मार्चमध्ये डोकं खरोखर तपकिरी झालेला पक्षी पाठवला, तर संपादक म्हणाले, ‘‘हा आपला नेहमीचा सीगल वाटत नाही हो.’’

नेहमीचा कसला? त्याचं घर लडाख-तिबेटच्या पठारावर. त्सो कार, त्सो मोरिरी ही सुमारे 4,500 मीटर उंचीवरची तळी. तिथल्या दलदलीतल्या बेटांवर तो जमिनीलगत घरटं करतो. त्सो मोरिरी 2002 मध्ये रामसर यादीत गेलं, त्सो कार 2020 मध्ये. तरी लडाखमध्ये जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांमागे भटकी कुत्री आहेतच. रोगाची धास्ती वेगळी. 2005 साली चीनच्या चिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने 6,000 हून अधिक पाणपक्षी मेले, त्यांत हे कुरवही होते.

एवढं झेलून आलेल्या पाहुण्याला आपण तळलेलं खारट बेसन खिलवतो, आणि तेही फोटोसाठी. मला हे पटत नाही. पुडीशिवाय फ्रेम मिळत नाही, हेही खोटंच. भाऊच्या धक्क्याला मच्छीमार बोट लागली आणि जाळ्यातला बारीक कचरा-मासळी पाण्यात पडू लागली की कुरव आपणहून झेपावतात. तिथला एक चांगला फोटो पाठवला होता, चोचीत मांदेली धरलेला.

उत्तर आलं, ‘‘कव्हरला नको, मासा मेलेला दिसतोय.’’