समुद्र दुभंगला, ग्लोबो हरली

साओ पावलो :

10 नोव्हेंबर 2015 च्या रात्री ब्राझीलच्या टीव्हीवर तांबडा समुद्र दुभंगला. मोशेनं काठी उचलली, पाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या, इस्राएली लोक कोरड्या पायांनी पलीकडे निघाले. बायबलात जे बुडाले ते फारोचे सैनिक. इथे मात्र त्यांच्याबरोबर ग्लोबो वाहिनी नावाचं बडं प्रस्थही गटांगळ्या खाऊ लागलं. त्या रात्री ‘ओस देज मांदामेंतोस’, म्हणजे ‘दहा आज्ञा’ ही मालिका ग्लोबोच्या बातम्यांच्या आणि रात्रीच्या मुख्य मालिकेच्याही पुढे गेली. इथल्या टीव्हीच्या धंद्यात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ग्लोबो म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. 1969 पासून चालत आलेलं ‘जॉर्नाल नासिओनाल’ हे बातमीपत्र आणि त्याच्या पाठोपाठ नऊची नोव्हेला, या वेळापत्रकावर इथली घरं जेवतात. नोव्हेला ही रोजची मालिका खरी, पण आपल्याकडच्यासारखी वर्षानुवर्षं पाणी घालून वाढवलेली नव्हे. सात-आठ महिन्यांत ती संपते, शेवटच्या भागात खलनायिकेचा निकाल लागतो आणि दोन दिवसांत नवी सुरू होते. या साच्यात ब्राझीलनं आजवर गुलामगिरी, कॉफीचे मळे, झोपडपट्ट्या सगळं ओतलं होतं. रेकॉर्ड या वाहिनीनं त्यात मोशेला ओतलं.

रेकॉर्ड वाहिनी 1989 साली एदिर मासेदो यांनी विकत घेतली. हे गृहस्थ रिओच्या सरकारी लॉटरीत नोकरीला होते. 1977 मध्ये त्यांनी रिओतच, पूर्वी अंत्यसंस्कारांचं सामान विकणाऱ्या एका जागेत ‘युनिव्हर्सल चर्च’ सुरू केलं. आज साओ पावलोतल्या ब्राझ या भागात या चर्चचं ‘सॉलोमनचं मंदिर’ उभं आहे. ब्राझ म्हणजे कपड्यांची घाऊक बाजारपेठ. फुटपाथवर जीन्सचे ढीग, खांद्यावर गाठोडी घेतलेली गिऱ्हाइकं, आणि त्यांच्या डोक्यावर एकदम इस्राएलहून आणलेल्या दगडाची ती अजस्र भिंत. आत दहा हजार माणसं बसतात. मोबाइल आणि कॅमेरा दाराशीच ठेवावा लागतो. 2014 मध्ये उद्घाटन झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ जातीनं हजर होत्या. मासेदो आता लांब पांढरी दाढी राखून आणि ज्यूंची टोपी घालून प्रवचन देतात. एकूण सगळा नेपथ्याचाच मामला. दादासाहेब फाळक्यांना गिरगावात ‘द लाइफ ऑफ क्राइस्ट’ बघताना पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले होते. मासेदोंना जुना करार वाचताना बहुधा सेट दिसत असावा.

जुना करारच का, याला कारण आहे. 12 ऑक्टोबर 1995 रोजी, ब्राझीलची कुलस्वामिनी म्हणावी अशा आपारेसिदा मातेच्या, म्हणजे मरियेच्या, सणादिवशी, युनिव्हर्सलच्या एका पाद्र्यानं रेकॉर्डवर थेट प्रक्षेपणात तिच्या मूर्तीला लाथा मारल्या. मूर्तीत देव नसतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. देश पेटून उठला आणि ती लाथ इथल्या कॅथलिकांनी अजून विसरलेली नाही. मरियेला किती मानायचं, येशूला सख्खी भावंडं होती का, इथपासूनच कॅथलिक आणि युनिव्हर्सलसारखे इव्हँजेलिकल या दोन पंथांची वाट वेगळी होते. मोशे, यहोशवा, दावीद यांच्याबाबत भांडण नाही. 2022 च्या जनगणनेत कॅथलिक 56.7 टक्के आणि इव्हँजेलिकल 26.9 टक्के निघाले. या दोन्ही घरांत ज्याला सोफ्यावर बसवता येईल असा नायक हवा असेल, तर तो इजिप्तमधूनच आणावा लागतो. रेकॉर्डनं 2010 पासून एस्तेर, शमशोन, दावीद, योसेफ असे लघुमालिकांचे प्रयोग करून हात बसवून घेतला होता.

पण केवळ धर्मावर कुणी आठ महिने टीव्ही बघत नाही. ‘दहा आज्ञा’चे 176 भाग झाले, आणि निर्गमाच्या पुस्तकात तेवढा मजकूर नाही. लेखिका विव्हियान दे ऑलिव्हेरा यांनी उरलेली जागा भरली ती नोव्हेलाच्या जुन्या मसाल्यानं. मोशे, रामसेस आणि नेफर्तारी असा प्रेमाचा त्रिकोण केला. नेफर्तारीला युनेत नावाची एक आई दिली. ही बाई विष घालते, कारस्थानं रचते, राजवाड्याच्या खांबाआड उभी राहून सगळ्यांचं ऐकते. बायबलात तिचा मागमूस नाही. तरीही लोक समुद्र दुभंगायची वाट बघत होते तेवढ्याच आतुरतेनं युनेतचं पाप कधी फुटतं याची वाट बघत होते. दहा पीडा क्रमानं आल्या, नदीचं रक्त झालं, बेडूक आले, आणि मधल्या वेळात घराघरांतली लफडी. त्या दिवसांत या मालिकेशी टक्कर टाळायला ग्लोबोनं आपल्या बातम्या लांबवल्या, असं इथल्या वर्तमानपत्रांनी मोठ्या चवीनं छापलं होतं. समुद्राच्या दृश्याचे संगणकी चमत्कार अमेरिकेतल्या एका स्टुडिओकडून करून घेतले होते. आज पाहिलं तर पाणी जरा प्लास्टिकचं वाटतं. पण ज्यांनी तेव्हा पाहिलं त्यांना तसं म्हणून पाहा, मारायला उठतील.

इथवर गोष्ट सरळ आहे. गडबड सुरू होते ती सिनेमागृहात. मालिकेचीच कापाकापी आणि जोडाजोड करून जानेवारी 2016 मध्ये चित्रपट काढला. त्याची 1 कोटी 10 लाखांहून अधिक तिकिटं गेली आणि ‘त्रोपा दे एलिती 2’ या पोलिसपटाचा ब्राझिलियन चित्रपटांमधला विक्रम मोडला. मात्र ‘हाउसफुल्ल’च्या पाट्या लागलेल्या खेळांना पत्रकार जाऊन बसले, तर आजूबाजूला खुर्च्या रिकाम्या. तिकिटं घाऊक घेऊन वाटली गेली, अशी ओरड झाली. चर्चनं आरोप फेटाळले. 2018 मध्ये मासेदोंचाच जीवनपट ‘नादा आ पेर्देर’ आला, त्याची सुमारे सव्वा कोटी तिकिटं खपली आणि पुन्हा तेच फोटो, तेच आरोप.

इथले सुशिक्षित लोक या रिकाम्या खुर्च्यांवर विनोद करून मोकळे होतात. मला त्यात अर्धंच तथ्य दिसतं. थिएटरातल्या खुर्च्या मोजून चर्चची ताकद कळते, पसंती कळत नाही, हे खरं. पण टीव्हीसमोरचा प्रेक्षक कुणी घाऊक विकत आणलेला नव्हता. तो रिमोट हातात घेऊन बसला होता आणि ग्लोबो एका बटणावर होती. ‘दहा आज्ञा’चं यश घरातलं आहे, ते खरं आहे, आणि त्याला हसण्यात अर्थ नाही.

याच्या अगदी उलट प्रकार 2019 च्या नाताळात झाला. ‘पोर्ता दोस फुंदोस’ या विनोदवीरांच्या मंडळीनं नेटफ्लिक्सवर एक छोटा चित्रपट आणला. तिसाव्या वाढदिवसाला येशू वाळवंटातून घरी येतो, सोबत एक नखरेल मित्र, आणि दोघांचं काय चाललंय ते घरच्यांना कळेना. तो हटवा म्हणून वीस लाखांवर सह्या झाल्या. 24 डिसेंबरच्या पहाटे रिओतल्या त्यांच्या कचेरीवर पेट्रोल बॉम्ब पडले. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. एक संशयित थेट रशियात पळाला. जानेवारीत रिओच्या न्यायाधीशानं चित्रपट काढून टाकायचा हुकूम दिला, आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष दियास तोफोली यांनी तो उडवला. दोन हजार वर्षांची श्रद्धा एका विनोदानं डळमळत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

म्हणजे ब्राझिलियन माणसाला देवाची थट्टा सोसत नाही? छे, तसं मुळीच नाही. आरियानो सुआसुना यांचं ‘आउतो दा कोंपादेसिदा’ हे 1955 चं नाटक घ्या. सुआसुना लहानपणी प्रॉटेस्टंट वळणात वाढले, पुढे कॅथलिक झाले. ईशान्येकडच्या दुष्काळी मुलखातल्या लोककथा घेऊन त्यांनी हे रचलं. त्यात लाच खाऊन कुत्र्याचा लॅटिनमध्ये अंत्यविधी करणारा पाद्री आहे, लबाड पण उपाशी जोआंव ग्रिलो आहे, आणि शेवटी स्वर्गातला खटला. सैतान फिर्यादी, येशू न्यायाधीश, आणि मरिया आरोपींची वकील. येशू काळा आहे. जोआंव ग्रिलो त्याला बघून चपापतो, तोंडावर बोलूनही दाखवतो, आणि येशू त्याची फिरकी घेतो. आपल्या तमाशाच्या गवळणीतला पेंद्या कृष्णाशी ज्या सलगीनं बोलतो, तीच ही सलगी. 1999 मध्ये ग्लोबोनं याची चार भागांची मालिका केली. मरियेच्या भूमिकेत ‘सेंट्रल स्टेशन’ या चित्रपटातल्या फेर्नांदा मोंतेनेग्रो. 2000 साली त्याचाच कापून चित्रपट केला, आणि घरी फुकट पाहिलेली गोष्ट वीस लाखांहून अधिक लोकांनी तिकीट काढून पुन्हा पाहिली.

आमच्या इमारतीचे दरवान पेर्नांबुकोचे आहेत, ईशान्येचेच. टेबलावर छोटा टीव्ही कायम चालू. इव्हँजेलिकल आहेत, दारू शिवत नाहीत, ‘दहा आज्ञा’ पुनःप्रक्षेपणात दुसऱ्यांदा पूर्ण पाहिली. ‘कोंपादेसिदा’चे संवाद त्यांना पाठ आहेत. त्यात तर तुम्ही न मानणारी मरियाच सगळ्यांना सोडवते, असं मी म्हटलं, तर म्हणाले, “अहो सिन्योर, ते आमच्या गावचं आहे.” नेटफ्लिक्सवाला चित्रपट पाहिला का? नाही. पण तो बंद करायला हवा, याबद्दल त्यांना काडीची शंका नाही.

माझं मत त्यांच्या उत्तरावरूनच बनलं आहे. पडद्यावरच्या बायबलात कोण काय करतो याला इथे फार माफी आहे. कोण, कुठल्या गावचा होऊन सांगतो, हे आधी बघितलं जातं. रिओतल्या हुशार पोरांनी केलेली थट्टा परक्याची ठरते, सुआसुनांची आपल्या माणसाची.

2024 च्या नाताळात ‘कोंपादेसिदा’चा दुसरा भाग आला, त्यात मरिया झाली आहे ताइस आराउजो ही काळी अभिनेत्री. पण तुम्ही सुरुवात पहिल्यापासून करा. सबटायटल्ससह मिळाला तर नाताळच्या सुट्टीत घरच्यांबरोबर बघून टाका. ‘दहा आज्ञा’ 176 भागांची आहे, तिच्या वाटेला जायचं तर सवड बघून जा.