कागदाचा हत्ती खाली का बसला?



गणपतीच्या आराशीत आपल्या वर्गाचे कागदी हत्ती तुम्ही पाहिलेच असतील. पण त्याआधीच्या रविवारी झालेली फजिती सर्वांनी घरी सांगितली असेलच असे नाही. खाऊची सुट्टी व्हायच्या आतच एक सोडून सगळे हत्ती पाय फाकून खाली बसले! उभा राहिलेला हत्ती जिने केला, तिला आम्ही शिक्षकांनीच "हत्तीचे पाय असे काटकुळे नसतात" म्हणून टोकले होते. पुढच्या रविवारी आम्ही तिची माफी मागितली. चूक आमची होती, ती अशी.

कारखान्यात कागदाचा पातळ लगदा सरकत्या जाळीवर सोडतात. जाळी ज्या दिशेने पळते त्याच दिशेने लगद्यातले बरेचसे तंतू आडवे पडतात. म्हणून कागद एका दिशेने ताठ असतो, दुसरीने सहज वळतो. फोटोकॉपीच्या कागदात हे तंतू बहुधा लांब बाजूला धरून असतात. खात्री करायची तर एकाच मापाच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी आणि एक आडवी. टोकाशी धरा. जी जास्त लोंबेल तिच्यात तंतू आडवे आहेत.

पायांसाठी आम्ही कागदाचे चार सारखे तुकडे केले होते, प्रत्येक ४.२५ बाय ५.५ इंच. पाय आखूड नि जाड दिसावेत म्हणून ते लांब बाजूने गुंडाळायला सांगितले. त्यामुळे ताठ तंतूच वाकवावे लागले. ते उलगडू पाहत होते, आणि डिंक वाळायच्या आत नळ्या सुटल्या. त्या मुलीने तुकडा उभा धरून गुंडाळला. नळी सहज वळली आणि तंतू खांबासारखे उभे राहिले.

आता कृती. पाय तिच्यासारखेच करा. वरच्या टोकाला चार छोटे काप द्या, पाकळ्या बाहेर दुमडा आणि पोटाला चिकटवा. पोट म्हणजे एका अख्ख्या कागदाची ११ इंच लांब नळी. सोंडेला मात्र उलटे. तिला वळण हवे, म्हणून तिची पट्टी कागदाच्या रुंदीत कापा आणि फूटपट्टीच्या कडेवरून अलगद ओढा. पायांचा दोष इथे गुण ठरतो! कान कसेही कापा, हत्ती रागावत नाही.

पालकांना हा निव्वळ पोरखेळ वाटू नये म्हणून सांगतो. जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत १९२० च्या दशकात जोसेफ आल्बर्स मोठ्या विद्यार्थ्यांनाही साधा कागद देऊन घड्या नि काप यांतून शिल्पे करायला लावत. १९३३ मध्ये ते अमेरिकेत आले आणि इथेही शिकवू लागले.

येत्या रविवारी उंट करणार आहोत. घरातले एका बाजूने कोरे कागद, बोथट कात्री आणि डिंक आणावा. हा अंक वाचून झाला की त्याचीच पाने आणलीत तरी चालतील.