रोगी, दया आणि संघटन

दीर्घ आजार जडलेल्या माणसासाठी आपली समाजव्यवस्था दोनच जागा शिल्लक ठेवते : दयेची किंवा बहिष्काराची. या नियतकालिकाच्या वाचकाला दोन्ही परिचयाच्या आहेत. वेगळे ठेवलेले भांडे, अंगाला अंग लागू नये म्हणून सावरून बसलेला माणूस हे आम्हाला जन्माबरोबर मिळाले; एच.आय.व्ही.बाधिताला ते रक्ततपासणीच्या कागदाबरोबर मिळते. अशा रुग्णांच्या गटाला 'मन मोकळे करण्याची जागा' म्हणून सोडून देणे म्हणूनच अपुरे आहे.

१९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्सग्रस्तांनी जाहीर केले की आम्हाला 'बळी' म्हणू नका, आमच्याविषयीच्या निर्णयात आम्हाला स्थान द्या. दुसऱ्याने दिलेले नाव नाकारण्यापासून सुरुवात! 'हरिजन' हा शब्द नाकारणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

सोलापुरात वस्तीतले लोक दवाखान्याचे कागद माझ्याकडे वाचायला आणतात, कारण घरात शिकलेला मी पहिला. कागद मला वाचता येतो. त्या कागदासह जगायचे कसे, हे मात्र मी सांगू शकत नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारने या आजाराची औषधे मोफत देण्यास आरंभ केला. गोळ्या रोज, जन्मभर घ्याव्या लागतात. खंड पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. डॉक्टर एवढे सांगतो. पण विड्या वळणाऱ्या बाईने एका खोलीच्या घरात बाटली ठेवायची कुठे? सासूला काय सांगायचे? केंद्रावर गेल्याने बुडालेली मजुरी भरून कशी काढायची? हे ज्ञान कोणत्याही पदवीत नाही; ते त्याच वाटेने गेलेल्या बाईकडे असते. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे सिद्ध झाले आहे. भिंतीवरच्या पत्रकावर यावर कुणी विश्वास ठेवत नाही. दहा वर्षे गोळ्या घेऊन धडधाकट असलेली बाई समोर बसली की ठेवतात.

शेजारच्या सांगलीत हे ज्ञान संघटनेच्या रूपाने उभे राहिले. रोगाचे उगमस्थान म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले, त्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन केली. त्यांतल्या अनेकजणी देवदासी प्रथेतून आलेल्या, म्हणजे बहुतांशी आपल्याच वस्त्यांतल्या. निरोध वाटणे, दवाखान्यात सोबत जाणे, पोलिसांना जाब विचारणे ही कामे त्यांनी स्वतःच्या हाती घेतली. आपल्या चळवळीने त्यांच्याशी किती नाते जोडले, हा प्रश्न बोचरा आहे.

औषधाच्या किमतीची लढाईही रुग्णांच्याच संघटनांनी लढवली. २००६ मध्ये त्यांनी एका संयुक्त गोळीच्या पेटंटला हरकत घेतली आणि ग्लॅक्सो कंपनीने अर्ज मागे घेतला. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा पडला तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात ठाण मांडून बसले तेही रुग्णच. २०१७ च्या कायद्याने नोकरी, शिक्षण, उपचार यांतील भेदभावाला बंदी केली आहे. पण तक्रार नोंदवायला एकटा माणूस जात नाही, कारण तक्रार म्हणजे स्वतःच्या आजाराची जाहिरात. चौघे बरोबर असले तर तो जातो.

अनुदानावर चालणारे गट अनुदानाबरोबर विरतात, हे खरे. पण गटाला लागते ते थोडेच : एक खोली, आणि कारखान्यात विड्या देऊन झाल्यावर बायांना येता येईल अशी वेळ. आमच्या महाविद्यालयांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्याच असतात. दारावर पाटी नको, हजेरीपट नको.