सफाईची वही

अफगाणिस्तानात नगरपालिकेस ‘शारवाली’ आणि तिच्या प्रमुखास ‘शारवाल’ म्हणतात. हा शारवाल व नगरपरिषदेचे सभासद गुप्त मतदानाने थेट निवडले जावेत, असे २००४ च्या राज्यघटनेच्या १४१ व्या कलमाने फर्मावले होते खरे. परंतु २०२१ मध्ये ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत अशी निवडणूक एकदाही झाली नाही, आणि शारवालांच्या नेमणुका वरूनच होत राहिल्या.

शारवालीने आपला खर्च मुख्यतः आपल्याच उत्पन्नातून भागवावा, असा तेथील दंडक. गाळ्यांची भाडी, परवान्यांचे शुल्क, जमिनीची विक्री आणि ‘सफाई’ नामक, मिळकतीच्या मूल्यावर आकारला जाणारा वार्षिक कर, ही त्या उत्पन्नाची साधने. यांपैकी सफाईची मौज अशी, की काबूलच्या डोंगरउतारांवर सरकारी दफ्तरात नोंद नसलेली घरे बांधून राहिलेल्या माणसास कर भरल्याची वही हाच आपल्या वहिवाटीचा पुरावा वाटतो, आणि म्हणून ज्या कराने अन्यत्र कपाळास आठ्या पडाव्यात, तो येथे पुष्कळदा आपखुशीने भरला जातो. नागरिक व शारवाली यांमधील दुवा म्हणजे मोहल्ल्याचा ‘वकील-ए-गुजर’. हा वकील कोर्टकचेरीतला नव्हे. पेशवाईत परदरबारी राहणाऱ्या वकिलासारखा प्रतिनिधी.