गळ टाकण्याआधी

हरणाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. चितळ-सांबर दुर्बिणीतूनच पाहावेत. गळाचा छंद मात्र जोपासता येतो. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिची परवानगी घ्या. महसीर लागला तर सोडूनच द्या. ब्रिटिश निसर्गअभ्यासक सायक्सने १८३९मध्ये दख्खनी महसीरचे वर्णन केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्याच पात्रात आज शहराचे सांडपाणी वाहते.

गळाचा उलटा दात पकडीने आधीच दाबून टाका. मासा ओल्या हातानेच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग शिरतो. सोडताना तोंड प्रवाहाकडे ठेवा, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत पाण्यातच आधार द्या. पावसाळ्यात, अंडी घालण्याच्या दिवसांत, गळ घरीच राहू द्या.